कोंबडा, झुलपं आणि पॉजचं बटण

१० मे २०१७ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून बाहेर पडलेली तरुण मंडळी चांगलीच खवळलेली होती. जस्टिन बीबर हा कॅनडाचा गायक पहिल्यांदाच भारतात आलेला, सर्वांत महाग तिकीट ७५ हजारांच्या घरात गेलेलं, आणि एवढं करून पठ्ठ्याने बऱ्याचशा गाण्यांना नुसतेच ओठ हलवले, असा बोभाटा झाला. गाणं आधीच मुद्रित केलेलं, हा त्यावर तोंड उघडतोय आणि मिटतोय. पुढचे काही दिवस दुसरा विषय नव्हता.

तक्रार रास्त होती. पण ती झाली कुठे, ते बघा. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये ‘धूप छाँव’ काढला आणि हिंदी पडद्यावर पार्श्वगायन आलं. तेव्हापासून ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हा व्यवहार या देशाने विनातक्रार चालवला आहे. रफींच्या आवाजावर शम्मी कपूरने मान झटकली, लताबाईंच्या आवाजावर नायिकांच्या तीन पिढ्या लाजून गेल्या, आणि म्हणून कुणी तिकीट खिडकीवर पैसे परत मागायला गेल्याचं ऐकिवात नाही. बीबरवर चिडलेल्या नातवाचं नेमकं काय बिनसलंय, हे वाशीतल्या आजोबांना कळेचना. ओठ तर बरोबर हलत होते ना? मग झालं तर!

हे आजोबा म्हणजे नवी मुंबईतली एक जमातच आहे. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीवर पूल आला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल धावली, आणि गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतली नोकरदार माणसं एकेका सेक्टरात राहायला आली. ती आता निवृत्त झाली आहेत. तरुणपणी स्टॉलच्या तिकिटावर पाहिलेले चित्रपट ती आता भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर बघतात. थिएटरात सिनेमा थांबवता येत नव्हता. आता हातात रिमोट आहे आणि रिमोटवर पॉजचं बटण. ज्याने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवलं, त्याच्या हाती असलं बटण देणं धोक्याचं. तो गाणं ऐकत नाही, तपासतो. आणि संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोअरच्या कट्ट्यावर त्याचा अहवाल सादर होतो.

अहवालातली पहिली नोंद बहुधा ‘आराधना’ची (१९६९). दार्जिलिंगची छोटी आगगाडी, शेजारच्या रस्त्यावर जीप, जीपमध्ये राजेश खन्ना आणि गाडीच्या खिडकीत शर्मिला टागोर. यातला राजेश खन्ना खरोखरच दार्जिलिंगला गेला होता, शर्मिला नव्हती. ती तेव्हा सत्यजित राय यांच्या चित्रपटात अडकलेली, त्यामुळे तिचा खिडकीतला भाग मुंबईच्या स्टुडिओत उरकला. म्हणजे नायक ज्या खिडकीकडे बघून एवढा जीव ओततोय, तिथे त्याची नायिका नव्हतीच. पण पॉजवाल्यांना याहून मोठा आनंद शर्मिलाच्या हातातल्या पुस्तकाचा. चित्र थांबवलं की नाव वाचता येतं: ॲलिस्टर मॅक्लीनचं ‘व्हेन एट बेल्स टोल’. सोन्याने भरलेली जहाजं समुद्रावरून पळवली जातात, त्याची ही थरारकथा. खाली हवाईदलातला देखणा अधिकारी टोपी सांभाळत गातोय आणि ही मुलगी चाचेगिरीत बुडालेली. तिचं तरी काय चुकलं? पुस्तक खरंच रंगतदार आहे.

दुसरी ठरलेली नोंद वाद्यांची. हिंदी चित्रपटातलं वाद्य वाजवण्यासाठी नसतं, धरण्यासाठी असतं. पियानोवरच्या नायकाचे खांदे दिसतात, बोटं दिसत नाहीत. इलेक्ट्रिक गिटारला वायर नसते. असलीच तर ती चौकटीच्या कडेपर्यंत जाते आणि पुढे देवाच्या हवाली. ‘यादों की बारात’मध्ये (१९७३) झीनत अमान ऐन पार्टीत गिटार घेऊन गाते. ऐकू येते ती गिटार भूपिंदर सिंग यांची. झीनतची बोटं आणि भूपिंदरची बोटं यांची कधी भेट झाली असावी, असं गाणंभर कुठेही वाटत नाही. आणि ते खपून जातं, कारण झीनत अमान समोर असताना बोटांकडे बघणारा प्रेक्षक तेव्हा जन्माला यायचा होता.

पार्श्वगायन येण्यापूर्वी तऱ्हा उलटी होती. नट स्वतःच गायचा, चित्रण चालू असताना गायचा, आणि साथीदार झाडामागे किंवा खांबामागे लपून वाजवायचे. नट चालत निघाला की साथीदारही कॅमेरा चुकवत त्याच्याबरोबर सरकायचे. एखाद्या झुडपाआडून कधीतरी पेटीवाल्याचं धोतर दिसेल, या आशेवर काही चिकाटीची माणसं तिसाच्या दशकातले बोलपट अजूनही डोळ्यांत तेल घालून बघतात.

बब्बर सुभाष यांच्या ‘डिस्को डान्सर’मध्ये (१९८२) तर वाद्य नुसतं धरण्याचाही धोका आहे. जिमी झालेल्या मिथुन चक्रवर्तीला संपवण्यासाठी खलनायक त्याच्या गिटारमध्ये वीज सोडतात आणि ऐनवेळी गिटार आईच्या हातात जाते. आई जाते, आणि जिमीला गिटारची धास्ती बसते. सोव्हिएत संघातल्या प्रेक्षकांनी मिथुनला अक्षरशः डोक्यावर घेतलं. कट्ट्यावर मात्र वीज मंडळातून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ असला, की पुढचा अर्धा तास अर्थिंगवर जातो. फ्यूज का उडाला नाही? मेन स्विच कुणाच्या ताब्यात होता? जिमीच्या दुःखापेक्षा त्याला वायरमनची बेपर्वाई जास्त लागते.

या सगळ्यांचा मुकुटमणी मात्र ‘गुमनाम’ (१९६५). दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची कन्या नंदा, संगीत शंकर-जयकिशन. कथा अगाथा ख्रिस्तीच्या त्या प्रसिद्ध कादंबरीवरून उचललेली, ज्यात एकाकी जागी अडकलेली माणसं एकेक करून मरतात. आणि सुरुवातीला क्लबमधलं ते गाणं. नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर काळे मुखवटे आहेत. कशासाठी? चोर कुणी नाही, आणि सगळ्यांनीच मुखवटा घातल्यावर लपायचं कुणापासून? लक्ष्मी छाया झालरीच्या चमचमत्या पोशाखात अशी काही मान झटकते, की बघणाऱ्याने मलम शोधावं. तिच्यासोबत हर्मन बेंजामिन, मागे टेड लायन्स अँड हिज कब्ज हा खराखुरा बँड. खरे वादक पडद्यावर आले, ही हिंदी सिनेमातली दुर्मीळ घटना; पण त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

आपण हे गाणं हसून बाजूला ठेवलं. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाचा अमेरिकी चित्रपट याच गाण्याने सुरू झाला: एक कंटाळलेली शाळकरी मुलगी स्वतःच्या खोलीत टीव्हीवर लक्ष्मी छायाला बघत तशीच नाचते. २०११ मध्ये एका डच बिअर कंपनीने ते जाहिरातीत वापरलं. मुखवट्यांचं कारण त्यांनाही कळलेलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. हा गुण आपल्या कट्ट्याला शिकण्यासारखा आहे.

त्याच १९६५ सालच्या ‘जानवर’मध्ये शम्मी कपूर आणि राजश्री यांच्या एका गाण्याची चाल थेट बीटल्सच्या १९६३ च्या गाजलेल्या गाण्याची, आणि मागचा बँड कपाळभर झुलपं सोडून उभा. लिव्हरपूलच्या पोरांचं संगीत ऐकलं तर त्यांचे केसही आलेच, एवढा प्रामाणिकपणा त्या काळात होता. आता ही राजश्री कोण? व्ही. शांताराम यांची मुलगी. आणि वडिलांनी त्याआधी सहाच वर्षं ‘नवरंग’मध्ये (१९५९) काय केलं होतं? होळीच्या एका गाण्यात संध्याला पुढून स्त्री आणि मागून पुरुष केलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा. गर्रकन वळली की नायिका, पुन्हा वळली की तिची छेड काढणारा. शिवाय सोबतीला नाचणारा हत्ती. पॉजवाल्यांनी या गाण्यात हत्तीच्या पावलांपासून सगळं तपासलं आहे. नवी मुंबईतल्या बायका मात्र एवढंच विचारतात की पाठीमागे तोंड आल्यावर तिची वेणी गेली कुठे. हा प्रश्न आजवर एकाही पुरुषाला सुचलेला नाही.

सुचणारही नाही. चुका पकडणाऱ्या या तल्लख नजरेला केस दिसत नाहीत. गिटारची वायर दिसते, मॅक्लीनचं पुस्तक दिसतं; पण नायकाच्या डोक्यावरचा केसांचा कोंबडा चमत्कारिक आहे, हे दिसत नाही. कारण उघड आहे. याच माणसाने १९७० च्या सुमारास तो कोंबडा जसाच्या तसा स्वतःच्या डोक्यावर उतरवला होता. घरातला लग्नाचा अल्बम काढा. दंडाएवढे कल्ले, कानांवर उतरलेले केस आणि मुंडावळ्यांखालून बाहेर पडायला धडपडणारा फुगा. आजीआजोबांचा अल्बम उघडताच नातू पोट धरून हसतो आणि आजोबा रिमोट शोधू लागतात.

महाराष्ट्रात दुसऱ्याचे केस आपल्या डोक्यावर उतरवण्याच्या या वेडाची सुरुवात एका पुरुषाने केली, तीही बायकांसाठी. वाशीतलं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर सीता, रुक्मिणी, भामिनी सगळे पुरुषच. त्यात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व आले आणि पारडंच फिरलं. त्यांचं लुगडं, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना आणि तीवर माळलेला गजरा यांची नक्कल चांगल्या घरच्या स्त्रिया करू लागल्या. क्षणभर थांबून या व्यवहाराचा विचार करावा. बाईने केस कसे बांधावेत, हे एक पुरुष टोप लावून ठरवतोय, आणि ज्यांच्या डोक्यावर निसर्गाने दिलेले हातभर केस आहेत, त्या बायका त्या टोपाबरहुकूम ते वळवताहेत. गंगावनाची उसनवारी या दिशेनेही चालते तर!

सिनेमाने हा भ्रम मोडायचा प्रयत्न करून पाहिला. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) शांतारामबापूंनी बालगंधर्वांना संत एकनाथ केलं, म्हणजे अखेर पुरुष केलं. रसिक हिरमुसले. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेशात आले. वय एकोणपन्नास, आणि कॅमेरा अगदी जवळ. रंगमंचापासून पंधराव्या रांगेत जे सौंदर्य भासायचं, त्याला भिंगाखाली धरल्यावर काय होतं, ते त्या चित्रपटाने दाखवलं. पण गजरा आणि अंबाडा तोवर घराघरांत पोचलेले होते; ते परत घेता येत नव्हते.

बायकांच्या केसांची पुढची मोठी लाट १९६० मध्ये आली. ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधना शिवदासानीचं कपाळ दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना जरा जास्तच रुंद वाटलं. ऑड्री हेपबर्नसारखी केसांची झालर कपाळावर सोडून त्यांनी ते झाकलं. झाकण्यासाठी केलेली ही युक्ती ‘साधना कट’ म्हणून देशभर गाजली, आणि ज्यांची कपाळं इंचभरच होती त्याही मुली ती मागू लागल्या. त्यांच्या भुवया आणि झालर यांच्यामध्ये उरायची ती फक्त टिकलीपुरती जागा. पॉजवाल्यांसाठी खरी मेजवानी ही, की त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘परख’मध्ये हीच साधना खेड्यातली साधी मुलगी आहे आणि तिचं कपाळ अख्खं उघडं आहे. एकाच वर्षात दोन कपाळं. दुसऱ्याने तिचं काही बिघडलेलं नाही, पण ‘परख कट’ कुणी मागितला नाही.

हेपबर्नचा मामला एवढ्यावर संपत नाही. ज्या ‘रोमन हॉलिडे’ने (१९५३) तिचे कातरलेले केस जगभर नेले, त्यातला नायक ग्रेगरी पेक, आणि ज्याला लोक भारताचा ग्रेगरी पेक म्हणत, तो देव आनंद. कपाळावर उंच काढलेला केसांचा कोंबडा, किंचित तिरकी मान. ‘हम दोनो’मध्ये (१९६१) देव आनंद आणि साधना एकत्र आले. म्हणजे रोमची जोडी भारतात जमली म्हणावी, तर नेमकी तिथे साधनाची झालर गायब! देव आनंद मात्र दोन-दोन आहेत, दोघेही सैन्यात, आणि फरक काय तर एकाला मिशी. बायको नवऱ्याला ओळखू शकत नाही ती या मिशीच्या भरवशावर. चित्रपट उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण सैन्यातल्या न्हाव्याच्या हातून कोंबडा कसा सुटला, हा प्रश्न उरतोच.

सरकारी गणवेश आणि केस यांचं हिंदी पडद्यावर कधी जमलंच नाही. अमिताभ बच्चन ‘जंजीर’मध्ये (१९७३) इन्स्पेक्टर, ‘परवरिश’मध्ये (१९७७) इन्स्पेक्टर, आणि दोन्हीकडे केस टोपीखाली मावायला तयार नाहीत. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस हे प्रसंग बघताना कथानक सोडून देतो आणि नुसता त्या मानेकडे बघत बसतो. कानांवरून आलेल्या त्या केसांमागे हकीम कैरानवी यांची कात्री होती. त्यांचा मुलगा आलिम हकीम आज नटांपासून क्रिकेटपटूंपर्यंत सगळ्यांची डोकी सांभाळतो. अमिताभचे केस ठेवणं सोपं नव्हतं. त्यासाठी सरळ केस लागत, आणि कोकणी-घाटी डोक्यांवरचे राठ, कुरळे केस कानांवर उतरण्याऐवजी बाहेर फाकत. त्यावर उपाय म्हणून रात्री रुमाल बांधून झोपणारी पोरं त्या काळात घरटी एक होती.

मराठी पडद्याने या प्रकरणात जास्त समजूतदारपणा दाखवला. सचिनच्या ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे टोप लावून सुधा आणि पार्वती होतात. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६). लक्ष्या पार्वती झाला तरी त्याच्या मागे लक्ष्याच दिसतो, टोप सरकेल की काय ही भीती त्यालाही वाटते आणि बघणाऱ्यालाही, आणि त्यातच सगळी मजा. हा एकच चित्रपट असा, की कट्ट्यावरची मंडळी तो बघताना पॉजचं बटण दाबत नाहीत. पुढचा संवाद पाठ असतो, तो आपणच आधी म्हणायची घाई असते.

केसांचं वेड फक्त आपलंच, असं मात्र मानू नये. स्टेडियममधला तो बीबर आधी गाजला तो गळ्याइतकाच कपाळावरून एका बाजूला सारलेल्या केसांमुळे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘नेव्हर से नेव्हर’ हा त्याच्यावरचा चित्रपट त्रिमितीत आला. त्यात तो संथगतीत केस झटकतो, म्हणजे प्रेक्षकाने चष्मा लावून केसच बघायचे. आणि त्याच महिन्यात त्याने ते कापले. कापलेली एक बट इंटरनेटवर लिलावात ४०,६६८ डॉलरला गेली. पैसे प्राण्यांच्या एका आश्रमाला दिले. आपल्याकडे महेंद्रसिंग धोनीच्या लांब केसांवर तर परराष्ट्र पातळीवर मत आलं. फेब्रुवारी २००६ मध्ये लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी त्याला केस कापू नकोस, असा सल्ला दिला. दोन्ही देशांत एकमत झालेला तो बहुधा एकमेव मुद्दा. धोनीने पुढे केस कापले.

आणि मग ‘तेरे नाम’. १५ ऑगस्ट २००३, दिग्दर्शक सतीश कौशिक, राधेच्या भूमिकेत सलमान खान, मधोमध भांग आणि दोन्ही गालांवर लोंबणारे केस. पुढचं वर्षभर महाराष्ट्रातल्या एकाही केशकर्तनालयाला धड काम मिळालं नाही, कारण पोरं केस कापायला नव्हे, तर नुसता भांग पाडून घ्यायला येत. तुर्भ्यापासून परभणीपर्यंत कॉलेजच्या गेटवर सगळे राधेच. त्यांतल्या निम्म्यांना समोरचं दिसत नव्हतं, तरी मोटरसायकल चालवायचे. उत्तरार्धात राधेचं डोकं साफ भादरलेलं आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बापांच्या राहिलं. अनेकांनी पोराला मानगुटीला धरून न्हाव्यापुढे बसवलं आणि चित्रपट शेवटपर्यंत नेला.

ते केस सुचले कुठून, हे पुढे कितीतरी वर्षांनी सलमाननेच सांगितलं: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यावरून. २००३ मध्ये ते राष्ट्रपती होते. म्हणजे लाखभर घरांत तेव्हा एकच दृश्य चाललेलं असणार. वडील कलामांचं ‘अग्निपंख’ हे पुस्तक पोराच्या नाकासमोर धरून सांगताहेत, जरा यांच्यासारखा हो, आणि जा, आधी ते केस कापून ये.